माळ्यावरच्या संगणकात अडकलेली मराठी

दिवाळीची साफसफाई निघाली की चंद्रपूर-गडचिरोलीतील अनेक घरांच्या माळ्यावरून एक राखाडी डबा खाली उतरतो. घरोघरी त्याला 'सीपीयू' म्हणतात. एमएस-सीआयटीचे वर्ग तालुक्यातालुक्यांत पोहोचले त्या काळात, मुलांच्या शिक्षणासाठी म्हणून हप्त्यांवर घेतलेला हा संगणक. पुढे लॅपटॉप आला, मग मोबाइल आला आणि एके दिवशी बटण दाबूनही हा डबा जागा झाला नाही. आता भंगारवाला दारात उभा राहून किलोचा भाव सांगतो. आत नेमके काय होते हे कोणाला धड आठवत नाही आणि जे आठवते ते टाकून देण्याजोगे नसते. हयात नसलेल्या आजीचे पहिल्या डिजिटल कॅमेऱ्यावर काढलेले छायाचित्र, निवृत्त शिक्षकाने रात्री जागून टंकलिखित केलेला प्रबंध, झाडीपट्टीतल्या एखाद्या नाटकाची संहिता, ग्रामसभेच्या ठरावांचा मसुदा.

ही सामग्री घरच्या घरी परत मिळवता येते का, या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा होकारार्थी असते. मात्र त्यात दोन टप्पे आहेत आणि दुसऱ्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. पहिला टप्पा डिस्कवरील फाइल बाहेर काढण्याचा. दुसरा, त्या फाइलमधील मराठी वाचता येण्याचा. पहिल्यात यश मिळाल्याच्या आनंदात डिस्क भंगारात गेली, तर दुसऱ्याची किल्लीही तिच्याबरोबर जाते.

बंद पडलेला संगणक म्हणजे बंद पडलेली हार्डडिस्क, हा समज आधी बाजूला ठेवायला हवा. संगणक बंद पडण्याची कारणे अनेक. वीजपुरवठा करणारा एसएमपीएस जळतो, मदरबोर्डवरील कपॅसिटर फुगतात, रॅमच्या संपर्कपट्ट्यांवर गंज चढतो, नाण्याएवढी छोटी बॅटरी संपते. यांपैकी कोणत्याही बिघाडात हार्डडिस्क शाबूत राहू शकते. चंद्रपूरचे औष्णिक वीज केंद्र २,९२० मेगावॉट क्षमतेचे आहे; तरीही दोन हजारच्या दशकातील भारनियमनाचे तास या भागातील लोक विसरलेले नाहीत. वीज अचानक गेली, परत येताना दाब वरखाली झाला, की पहिला बळी एसएमपीएसचा जाई. डिस्कवर लिहिणे चालू असताना वीज गेली तर फाइलींची अनुक्रमणिका विस्कटे आणि विंडोज सुरू होणे थांबे. घरच्यांच्या लेखी दोन्ही प्रसंगी 'कॉम्प्युटर गेला' एवढेच. आतल्या फाइली मात्र जिथल्या तिथे असत.

म्हणून जुना संगणक दुरुस्त करून सुरू करण्याच्या खटपटीत पडू नये. चार स्क्रू काढून हार्डडिस्क बाहेर घ्यावी आणि दुसऱ्या, चालू संगणकाला जोडावी. जुन्या संगणकावर विंडोज सुरू झालेच, तर ते सुरू होता होताच डिस्कवर नव्या नोंदी लिहू लागते आणि पुसल्या गेलेल्या फाइली परत मिळण्याची शक्यता तेवढी घटते.

डिस्कच्या मागची जोडणी पाहून तिचे वय कळते. ४० पिनांचा रुंद सांधा आणि चपटी रुंद केबल असेल तर ती आयडीई पद्धतीची. बारीक, एल आकाराचा सांधा असेल तर २००३ नंतर आलेल्या साटा पद्धतीची. दोन्हींसाठी यूएसबीला जोडणारे अडॅप्टर संगणकाच्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळते. घेताना एक गोष्ट पाहावी. घरगुती संगणकातील साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्टचा पुरवठा लागतो आणि तो यूएसबीतून मिळत नाही. अडॅप्टरसोबत वेगळा वीज अडॅप्टर नसेल तर डिस्क फिरणारच नाही आणि चांगली डिस्क मेली असा निष्कर्ष निघेल. आयडीई डिस्कवर एक छोटा जंपरही असतो. तो डिस्कच्या कागदावर 'मास्टर' असे दाखवलेल्या जागी बसवावा. आयडीईच्या पिना नाजूक असतात. जोर लावल्यास वाकतात.

वीज दिल्यावर प्रथम कान द्यावा. अखंड, बारीक घरघर ऐकू आली तर आशा आहे. ठराविक अंतराने 'टक् टक्' असा आवाज आला, किंवा घासल्यासारखा आवाज आला, तर त्याच क्षणी वीज बंद करावी. आतील चकत्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेतात आणि वाचणारे शीर्ष त्यांच्यावर काही नॅनोमीटर उंचीवर तरंगते. मानवी केसाची जाडी या अंतराच्या हजारो पट. शीर्ष बिघडलेले असताना डिस्क फिरवत राहणे म्हणजे चकतीवरचा मजकूर खरवडून काढणे. अशी डिस्क प्रयोगशाळेत द्यावी, आणि द्यायची नसेल तर निदान तशीच बंद ठेवावी.

डिस्क उघडून आत काय झाले ते पाहण्याचा मोह अनेकांना होतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातील तीव्र प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांच्या यादीत चंद्रपूरचा समावेश केला होता. कोळशाची धूळ खिडकीच्या जाळीवर बसते, ती चकतीवरही बसेल. डिस्क फ्रीजमध्ये ठेवून सुरू करण्याचा जुना उपायही ऐकून सोडून द्यावा. बाहेर काढताच आत दव धरते.

उष्णतेबाबत मात्र थोडे सबुरीने बोलले पाहिजे. या दोन जिल्ह्यांत मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो आणि उन्हानेच डिस्क मरतात असे सर्रास म्हटले जाते. गुगलच्या अभियंत्यांनी २००७ मध्ये आपल्या एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. तापमान आणि बिघाड यांचा अपेक्षित असा सरळ संबंध त्यात आढळला नाही; अतिउष्णता आणि जुन्या डिस्क यांच्याबाबतच तो दिसला. अडचण अशी की माळ्यावरची डिस्क जुनीच असते, आणि नेहमीच्या डिस्कची मर्यादा साधारण ५५ ते ६० अंशांची असते. खोलीतच चाळीस अंश असताना तासन्‌तास फिरणारी डिस्क तिथपर्यंत सहज पोहोचते. तेव्हा हे काम हिवाळ्यात किंवा पहाटे करावे, डिस्कवर पंखा सोडावा. विदर्भातला नेहमीचा कुलर येथे उपयोगाचा नाही. त्याच्या झोतात ओल आणि बारीक तुषार असतात.

त्याच अभ्यासातील दुसरा निष्कर्ष अधिक सावध करणारा आहे. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवते, त्या व्यवस्थेला 'स्मार्ट' म्हणतात. निकामी झालेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक डिस्कच्या प्रमुख चार निदर्शकांत कोणतीही पूर्वसूचना नव्हती. म्हणजे प्रकृती 'उत्तम' दाखवणारी डिस्कही शेवटची फेरी घेत असू शकते. आज चालली म्हणून उद्या चालेल, असे धरून चालू नये.

आता प्रत्यक्ष काम. जुनी डिस्क जोडताच विंडोज कधीकधी विचारते की, ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करायची का. येथे 'कॅन्सल' दाबावे. घाईत 'फॉरमॅट' दाबल्याने जी हानी होते ती पुष्कळदा मूळ बिघाडापेक्षा मोठी असते. डिस्क तपासून दुरुस्त करू का, असे विचारले तरी नकार द्यावा, कारण ती दुरुस्ती डिस्कवरच लिहिली जाते. नियम एकच: आधी नक्कल, मग बाकी सारे.

डिस्क निरोगी दिसत असेल आणि फाइली उघडत असतील तर साधी नक्कलही चालते. त्या काळातील ४० जीबीची अख्खी डिस्क आज खिशातल्या ६४ जीबीच्या पेनड्राइव्हवर मावते आणि यूएसबीवरून तासाभराच्या आत उतरते. मात्र वाचताना अडखळत असेल तर 'डीडीरेस्क्यू' हे मोफत साधन वापरावे. लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करून ते चालवता येते. हे साधन चांगला भाग आधी उचलते, खराब जागा नोंदवून पुढे सरकते आणि अखेरीस त्या जागांकडे पुन्हा वळते. मध्येच वीज गेली तरी नोंदीच्या आधाराने काम पुढे चालू होते. तयार होणारी नक्कल म्हणजे अख्ख्या डिस्कची एकच मोठी फाइल. ती उतरवायची जागा एफएटी-३२ पद्धतीची असेल तर ४ जीबीच्या पुढे फाइल स्वीकारली जात नाही. एनटीएफएस किंवा एक्सफॅट पद्धत निवडावी. आदेश देताना कोणती डिस्क मूळ आणि कोणती लक्ष्य, हे तीनदा तपासावे. उलटे झाले तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते.

नक्कल हाती आल्यावर मूळ डिस्क बाजूला ठेवून सारे प्रयोग नकलेवर करावेत. विस्कटलेली विभागणी 'टेस्टडिस्क' सावरते. अनुक्रमणिकाच गेली असेल तर 'फोटोरेक' छायाचित्रे आणि दस्तऐवज त्यांच्या अंतर्गत खुणांवरून वेचून काढते. नावे मात्र परत मिळत नाहीत. हजारो छायाचित्रे क्रमांकाने समोर येतात आणि ओळखण्याचे काम घरातील वडीलधाऱ्यांना करावे लागते. पुसलेली फाइल मिळू शकते याचे कारण असे की, पुसताना अनुक्रमणिकेतील नोंद जाते, मजकूर त्याच जागी राहतो, त्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत.

विंडोज एक्सपीचा पासवर्ड विसरल्याने अनेक जण निराश होतात. ते कारण नाही. तो पासवर्ड दाराला आहे, कपाटाला नाही. दुसऱ्या संगणकाला जोडलेली डिस्क तो न विचारता वाचता येते. 'प्रवेश नाकारला' असा संदेश आला तर मालकी आपल्याकडे घेण्याची सोय विंडोजमध्येच आहे. फाइली कूटबद्ध करण्याची एक्सपीतील वेगळी सोय कोणी वापरली असेल, तर मात्र किल्लीविना इलाज नाही. एक्सपीमध्ये सामग्री 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज' या फोल्डरमध्ये प्रत्येकाच्या नावाखाली असते. डेस्कटॉपवर ठेवलेले आणि आउटलुक एक्स्प्रेसमधील जुने ईमेलही तेथेच सापडतात.

येथवरची माहिती जगातील कोणत्याही घराला लागू पडते. मराठी घराची खरी अडचण पुढे आहे. सापडलेली वर्डची फाइल उघडावी तर समोर इंग्रजी अक्षरे, डॉलरची चिन्हे, कंस आणि स्वल्पविराम यांची खिचडी येते. फाइल खराब झाली असे समजून ती पुसली जाते. वस्तुतः ती पूर्ण शाबूत असते.

युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ मध्येच जागा मिळाली होती. परंतु घरगुती संगणकापर्यंत ती पोहोचायला वेळ लागला. देवनागरीची सोय असलेले विंडोज २००० साली आले आणि एक्सपीमध्येही ती सोय सीडी घालून मुद्दाम सुरू करावी लागे. तोवर आणि त्यानंतरही बरीच वर्षे मराठी लिहिली गेली ती श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचे आयएसएम, कृतिदेव अशा प्रणालींत. युक्ती साधी होती. संगणकाच्या लेखी तेथे इंग्रजी अक्षरच असे. फॉन्ट त्या जागी देवनागरीचा तुकडा दाखवी. एका खणात अर्धा 'क', दुसऱ्यात काना, तिसऱ्यात वेलांटी. कोणत्या खणात काय ठेवायचे हे प्रत्येक कंपनीने आपापले ठरवले. मराठी दैनिकांची संकेतस्थळेही एकेकाळी वाचकाला आधी फॉन्ट उतरवून घ्यायला सांगत, ते याच कारणाने. फॉन्ट काढून घेतला की मराठी जाते आणि खणांचे क्रमांक उरतात.

म्हणूनच केवळ 'माय डॉक्युमेंट्स'ची नक्कल करून समाधान मानू नये. मजकुराची किल्ली जुन्या डिस्कवर अन्यत्र, 'विंडोज' फोल्डरमधील 'फॉन्ट्स' या उपफोल्डरमध्ये असते. तो अख्खा उचलून ठेवावा. पुढे वर्डच्या फाइलमध्ये फॉन्टचे नाव पाहून तोच फॉन्ट नव्या संगणकावर बसवला की पुष्कळदा मजकूर क्षणात मराठी होतो. तसा झाला की लगेच त्याची पीडीएफ काढावी. पुढील तपासणीसाठी ती मूळ पानाच्या छायाचित्रासारखी उपयोगी पडते.

नंतर मजकूर युनिकोडमध्ये नेणारी परिवर्तके वापरावीत. अनेक फॉन्टसाठी ती मोफत मिळतात. मात्र एका फॉन्टचे परिवर्तक दुसऱ्याला चालत नाही, एकाच कंपनीच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांनाही कधीकधी नाही. शिवाय त्यांच्या चुका ठराविक जागी होतात. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकली जाई, युनिकोडमध्ये ती नंतर येते. रफार जुन्यात नंतर, युनिकोडमध्ये आधी. परिवर्तक येथे घसरले की 'गडचिरोली'ची वेलांटी शेजारच्या अक्षरावर बसते आणि 'वर्धा'चा रफार भलतीकडे जातो. 'कुऱ्हाड', 'वऱ्हाड' यांतील ऱ हा तर नेहमीचा अडथळा. म्हणून छोट्या उताऱ्यावर आधी चाचणी घ्यावी. शुद्धलेखन तपासणीवर मात्र विसंबू नये. झाडीबोलीतील संवाद किंवा देवनागरीत लिहिलेले गोंडी, माडिया शब्द प्रमाण मराठीच्या कोशात नसतात. यंत्र ते 'सुधारून' टाकते आणि जो ऐवज वाचवायचा तोच जातो.

छापखान्यातून किंवा डीटीपीच्या दुकानातून आलेल्या सामग्रीत आणखी एक गाठ असते, पेजमेकरची. त्याची शेवटची आवृत्ती २००१ मध्ये आली. इनडिझाइनच्या सीएस-६ पर्यंतच्या आवृत्त्या पेजमेकरच्या सहा व सात क्रमांकाच्या फाइली उघडत. नंतर ती सोय काढून टाकण्यात आली. मोफत मिळणारे लिबरऑफिस अशा फाइली बऱ्याच अंशी उघडते. मांडणी हलते, मजकूर हाती लागतो.

हे सारे केवळ आठवणींसाठी नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला आणि त्यानंतर जिल्ह्यातील अनेक ग्रामसभांनी तो मिळवला. अशा दाव्यांमागे ठराव, वंशावळी, वापराच्या नोंदी आणि नकाशे असतात. त्यांचा पुरावा म्हणून मान आहे तो सही-शिक्क्याच्या कागदालाच; संगणकातील मसुदा त्याची जागा घेत नाही. पण वाळवीने कागद खाल्ला, तर त्यात काय लिहिले होते आणि प्रत कोणत्या कार्यालयाकडे मागायची, हे तो मसुदाच सांगतो.

पुराचा प्रश्न वेगळा. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस गोसेखुर्द धरणातून सोडलेल्या पाण्याने वैनगंगेला पूर आला आणि ब्रह्मपुरी परिसरातील गावे पाण्याखाली गेली. जुलै २०२२ मध्ये इरईचे पाणी चंद्रपूर शहराच्या वस्त्यांत शिरले. हार्डडिस्क हवाबंद नसते. तिला गाळणी लावलेले बारीक छिद्र असते आणि त्यातून पुराचे पाणी आत जाऊ शकते. अशी डिस्क उन्हात वाळवू नये, तांदळात ठेवू नये आणि सुरू तर मुळीच करू नये. पाणी आटले की त्यातला गाळ चकतीवर घट्ट बसतो. ओल्या अवस्थेतच बंद पिशवीत घालून ती प्रयोगशाळेकडे पाठवावी. गडचिरोलीहून नागपूरच सुमारे १७० किलोमीटर दूर, सिरोंच्याहून त्याच्या दुपटीहून अधिक. खर्चही घरगुती आवाक्यातला असेलच असे नाही. तरी आशा सोडण्याचे कारण नाही. फेब्रुवारी २००३ मध्ये कोसळलेल्या कोलंबिया अंतराळयानाच्या अवशेषांत एक होरपळलेली हार्डडिस्क सापडली होती. अमेरिकेतील क्रोल ऑनट्रॅक या कंपनीने चकत्या स्वच्छ करून नव्या यंत्रणेत बसवल्या आणि सुमारे ९९ टक्के माहिती वाचली. त्या आधारे झेनॉन वायूवरील प्रयोगाचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले.

सामग्री हाती आल्यावर तिच्या किमान दोन प्रती कराव्यात आणि त्यांतील एक दुसऱ्या गावी नातेवाइकांकडे ठेवावी. पेनड्राइव्ह हे दीर्घकाळ साठवणीचे साधन नव्हे, आणि त्या काळात 'कायमचे' म्हणून लिहून ठेवलेल्या सीडींचा थरही आता उतरू लागला आहे. त्या सीडीही याच बैठकीत उतरवून घ्याव्यात.

राहिला भंगारवाला. एमआयटीतील सिम्सन गार्फिंकेल आणि अभी शेलत यांनी जुन्या बाजारातून १५८ हार्डडिस्क विकत घेऊन २००३ मध्ये त्यांची पाहणी प्रसिद्ध केली. चालू निघालेल्या १२९ पैकी केवळ १२ नीट पुसलेल्या होत्या. बाकीच्यांतून मिळून पाच हजारांहून अधिक क्रेडिट कार्डांचे क्रमांक निघाले. ज्या साधनांनी आजीचे छायाचित्र परत मिळते, त्याच साधनांनी बँकेचे पासबुक आणि पॅन कार्डाची स्कॅन केलेली प्रतही परक्याच्या हाती लागते. तेव्हा डिस्क देण्यापूर्वी ती शून्यांनी पूर्ण भरून घ्यावी. वीज देऊनही ती फिरत नसेल तर चकत्यांना आरपार भोक पाडावे आणि मगच ई-कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत केंद्राकडे सोपवावी. मात्र मराठी मजकूर अजून वाचता आलेला नसेल, तर ड्रिल हाती घेण्याची घाई नको. चंदेरी अँटिस्टॅटिक पिशवीत घालून, 'फॉन्ट उतरवले का?' असा प्रश्न वर चिठ्ठीवर लिहून डिस्क कोरड्या कपाटात ठेवावी.